पुढच्यास ठेच : मुखाचा कर्करोग, आनुवंशिकता आणि कुटुंब

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी घरात तंबाखूचा विषय निघाला की कोणाचे तरी आजोबा हमखास पुढे येतात. ते पंच्याऐंशी वर्षे जगले, चंची त्यांच्या कमरेची कधी सुटली नाही, आणि तरीही त्यांना काही झाले नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. त्याच गल्लीत चाळिशीही न गाठलेल्या एखाद्या तरुणाचा अर्धा जबडा शस्त्रक्रियेत काढावा लागलेला असतो. त्याच्याविषयी मात्र आवाज खाली येतो.

या दोन उदाहरणांवरून समाज तीन निष्कर्ष काढतो. पहिला, सारे दैवाधीन आहे. देव तारी त्याला कोण मारी. दुसरा, आमच्या रक्तात तो रोग नाही, तेव्हा आम्हांला भय नाही. तिसरा निष्कर्ष उघडपणे बोलला जात नाही, परंतु सर्वांत अधिक दुखावतो तोच. ज्या घरात हा रोग झाला, त्या घराच्या रक्तातच काही खोट आहे, अशी ती कुजबुज असते. मुलीचे स्थळ पाहताना ती हळूच विचारली जाते आणि पित्याला गमावलेल्या मुलाच्या मनात ती आयुष्यभर घर करून राहते. या तिन्ही निष्कर्षांत सत्याचा एकेक कण आहे आणि तिन्ही चुकीचे आहेत. तो कण कोणता आणि चूक कोणती, हे समजून घेणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम रोगाची व्याप्ती पाहावी. ओठ, जीभ, गालाचे अस्तर, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकाच्या पोकळ्या आणि लाळग्रंथी यांच्या कर्करोगांना वैद्यकशास्त्र एकत्रितपणे डोके व मान यांचे कर्करोग म्हणते. मेंदूचा कर्करोग यात येत नाही. भारतात या गटातील सर्वांत मोठा वाटा मुखाच्या कर्करोगाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांत १ लाखाहून अधिक पुरुष होते आणि सुमारे ३१ हजार स्त्रिया.

या रोगाचे मूळ शोधण्याच्या इतिहासात एका मराठी संशोधकाचे नाव अग्रभागी आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळेची धुरा सांभाळली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्या काळी एक प्रश्न सर्वांपुढे होता. भारतीयांना हा रोग इतका का होतो? दोष रक्ताचा, की राहणीचा? खानोलकरांनी दोन्ही बाजू तपासल्या. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह १९४९ साली त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांमधील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये याच दोघांनी एका सहकाऱ्यासमवेत तंबाखू ओढणे व चघळणे आणि मुख, घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग यांतील संबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. जातींच्या रक्ताची मोजदाद करणाऱ्या हातांनीच सवयींकडे बोट दाखवले, ही गोष्ट विसरता कामा नये. रोग जातीचा नव्हता. जातीजातींच्या सवयी वेगळ्या होत्या.

सवय रोगाची जागादेखील ठरवते. तंबाखूची गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवणाऱ्यांना त्याच जागी कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर पेटलेले टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची रीत आहे, आणि ती पाळणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. तेथे टाळूचा कर्करोग आढळतो, आणि तो स्त्रियांमध्ये आढळतो. म्हणजे जेथे सवय बायकांची, तेथे रोगही बायकांचा. पुरुषांमध्ये हे कर्करोग अधिक दिसतात, याचे प्रमुख कारण पुरुषांच्या रक्तात नसून त्यांच्या खिशात आहे. विडी, गुटखा, खर्रा आणि मद्य यांचा वापर पुरुष अधिक करतात.

छत्तीसगडच्या संदर्भात मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला तेव्हा विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून जी कुटुंबे येथे आली, त्यांतील काही स्त्रिया सोबत मिश्री घेऊन आल्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावली जाई. येथे आल्यावर त्यांना गुडाखू भेटला. तंबाखू आणि गुळाची काकवी यांचा हा लगदा छत्तीसगडमध्ये घरोघरी हिरड्यांना चोळला जातो. मिश्री काय आणि गुडाखू काय, दोन्हींना दंतमंजनाचा प्रतिष्ठित वेश आहे. म्हणून 'तंबाखू खाता का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला ती स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देते. राष्ट्रीय पातळीवर प्रौढांच्या तंबाखू-वापराचे जे सर्वेक्षण झाले, त्यानुसार २००९-१० मध्ये छत्तीसगडमधील ५३.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ३९.१ टक्क्यांवर आले. घट समाधानकारक खरी, परंतु त्याच वेळी महाराष्ट्रातील प्रमाण २६.६ टक्के होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तंबाखू हे कारण आहे, तर ती खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग का होत नाही? येथे आनुवंशिक प्रवणतेचा विषय सुरू होतो.

तंबाखूतील नायट्रोसअमाइन नावाची रसायने शरीरात शिरली की यकृतातील आणि तोंडाच्या अस्तरातील काही विकरे त्यांचे रूपांतर करतात. या रूपांतरात ती अधिक घातक होतात आणि पेशीतील डीएनएला चिकटतात. त्यानंतर विकरांची दुसरी फळी पुढे येते. ती या विषाला निरुपद्रवी करून शरीराबाहेर घालवते. त्यातूनही जे नुकसान होते, ते दुरुस्त करणारी तिसरी फळी असते. दुरुस्ती न झाल्यास ती पेशी नष्ट करण्याचा आदेश देणारे पी-५३ नावाचे प्रथिन हा शेवटचा पहारेकरी. या प्रत्येक फळीची कृती जनुकांमध्ये लिहिलेली असते, आणि दोन माणसांत ती तंतोतंत सारखी नसते. कोणाची पहिली फळी अतिउत्साही असते, कोणाची दुसरी दुबळी, तर कोणाच्या तिसरीला कामाचा वेग साधत नाही.

दुसऱ्या फळीतील एका विकराचे जनुक जीएसटीएम-१ या नावाने ओळखले जाते. अनेक निरोगी माणसांमध्ये आई आणि वडील या दोघांकडून येणाऱ्या त्याच्या दोन्ही प्रती नसतातच. युरोपात सुमारे निम्मे लोक असे आहेत. भारतात हे प्रमाण त्याहून कमी असले तरी अशी माणसे कोट्यवधी आहेत. एरवी त्यांना काहीही त्रास होत नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांचा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हे जनुक नसलेल्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. पुढे संपूर्ण जनुकसंच चाळण्याचे तंत्र हाती आल्यावर, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मुख व घशाच्या कर्करोगाशी निगडित अशा अनेक जागा गुणसूत्रांवर सापडल्या. त्यांतील प्रत्येक जागेचा परिणाम स्वतंत्रपणे पाहता लहान आहे. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा प्रकार आहे.

'आनुवंशिक' हा शब्द ऐकताच येथील लोकांच्या मनात सिकलसेल येतो, कारण छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांना त्या रोगाचे दुःख जवळून ठाऊक आहे. परंतु दोन्हींतील भेद मूलभूत आहे. सिकलसेल एका जनुकातील एका बदलामुळे होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक, असे गणित मांडता येते. म्हणूनच विवाहापूर्वी त्याची तपासणी करणे शहाणपणाचे असते. मुखाच्या कर्करोगाचे असे गणित नाही. येथे अनेक जनुकांचे अल्प-अल्प परिणाम एकत्र येतात आणि तंबाखू, सुपारी वा मद्य यांची ठिणगी पडल्यावाचून ते बहुधा निद्रिस्तच राहतात. विवाह जुळवताना सिकलसेलची चौकशी करणारा सुज्ञ ठरतो. वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगामुळे मुलगी नाकारणारा अज्ञानी ठरतो. त्याला चौकशीच करायची असेल तर त्याने उपवर मुलाच्या खिशातील पुडीची करावी.

याला अपवाद आहेत, पण ते अत्यंत विरळा. फँकोनी अॅनिमिया नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक विकारात डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच सदोष असते. अशा रुग्णांना तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या शेकडो पट असतो आणि तो तरुण वयात, कोणत्याही व्यसनाविना होऊ शकतो. अशा कुटुंबांना आनुवंशिकी तज्ज्ञांचा सल्ला अत्यावश्यक आहे. इतरांनी बाजारात मिळणाऱ्या जनुक-चाचण्यांच्या मागे लागून पैसे दवडण्याचे कारण नाही. त्या चाचणीत 'धोका कमी' असे उत्तर आले आणि त्या भरवशावर कोणी तंबाखू चालू ठेवली, तर चाचणीनेच त्याचा घात केला असे होईल.

आणखी एक गैरसमज येथेच दूर झालेला बरा. २०१३ साली खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांच्या संशोधकांनी गाल व हिरडीच्या कर्करोगाच्या गाठींमधील जनुकीय बदलांचा नकाशा प्रसिद्ध केला. भारताच्या दृष्टीने हे फार मोलाचे काम होते. परंतु गाठीतील हे बदल रुग्णाने आयुष्यभरात मिळवलेले असतात. ते त्याच्या मुलांकडे जात नाहीत. जन्मतः लाभलेली प्रवणता वेगळी आणि गाठीत घडलेले उत्परिवर्तन वेगळे. वर्तमानपत्रात 'कर्करोगाचे जनुक सापडले' असा मथळा दिसला की वाचकाने प्रथम हा प्रश्न विचारावा, की कोणते? जन्माचे की गाठीचे?

मग कुटुंबात हा रोग झाला असेल तर धोका किती वाढतो? अनेक देशांतील अभ्यासांची एकत्रित मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला डोके-मानेचा कर्करोग झालेला असल्यास धोका सुमारे १.७ पट होतो. भावंडाला झाला असल्यास तो २.२ पट आढळला. मात्र कुटुंबाचा असा इतिहास असून जे तंबाखू आणि मद्य दोन्ही घेत होते, त्यांच्यात हा धोका ७ पटींच्या वर गेला. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. रक्ताचा वारसा एकटा आला तर तो फारसे काही करू शकत नाही. त्याला सवयीची सोबत मिळाली की तो घर बुडवतो. आणि एका घरात रक्ताबरोबर पानाचा डबाही वारशाने येतो, हे विसरू नये. नातवाला सुपारीचा पहिला तुकडा बहुधा घरातच मिळतो. सुपारी निरुपद्रवी आहे, हा समज तर केव्हाच खोटा ठरला आहे. तंबाखूविरहित सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. तिच्यामुळे तोंडाचे अस्तर आतून ताठरत जाते आणि एके दिवशी घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. पहिली रक्तक्षयाची. दीर्घकाळ लोहाची कमतरता राहिल्यास काही स्त्रियांच्या घशात पातळ पडदे तयार होतात, घास अडकू लागतो आणि पुढे त्या जागी कर्करोग उद्भवू शकतो. प्लमर-विन्सन या नावाने ओळखला जाणारा हा विकार एकेकाळी स्वीडनमधील स्त्रियांत बराच दिसे. आहारातील लोह सुधारल्यावर तो तेथे ओसरला. म्हणजे शेवटी उरलेल्या अर्ध्या भाकरीवर रात्र काढणाऱ्या गृहिणीचे ताट हाही या विषयाचाच भाग आहे. दुसरी गोष्ट संशयाची. कोणतेही व्यसन नसलेल्या काही स्त्री-पुरुषांनाही जिभेचा किंवा तोंडाचा कर्करोग होतो. अशा स्त्रीकडे 'हिने चोरून काहीतरी खाल्ले असणार' या नजरेने पाहिले जाते. त्या नजरेच्या धाकाने ती तोंडातील जखम महिनोन्‌महिने लपवते. रोग लपवल्याने वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. लपवावा का लागतो, याचे उत्तर मात्र घरच्यांनी द्यायचे आहे.

या रोगाने सत्ता वा प्रतिष्ठा पाहिलेली नाही. २००४ साली ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवार यांना मुखाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांनंतर त्यांनी जाहीर सभांतून आपल्या सवयीची किंमत सांगितली आणि तरुणांना सावध केले. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे मात्र १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी, याच रोगाने निधन झाले. कोण वाचेल आणि कोण नाही, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. नेमक्या याच कारणाने जुगार न खेळणे हे एकमेव शहाणपण उरते.

पोलादनगरीतील श्रोत्यांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट घालावे लागते. कोणाची कवटी अधिक मजबूत आहे, हे पाहून ते दिले जात नाही. डोक्यावर लोखंड पडेपर्यंत कवटीची ताकद कळत नाही आणि पडल्यावर कळून उपयोग नसतो. जनुकांचेही तसेच आहे. पंच्याऐंशी वर्षे जगलेल्या त्या आजोबांची दुसरी आणि तिसरी फळी बहुधा बळकट होती. परंतु नातवाला त्यांची निम्मीसुद्धा जनुके नेमकी कोणती मिळाली, हे ठाऊक नाही. आजोबांकडून सरासरीने चौथा हिस्साच येतो. आजोबांची चंची मात्र पुरीच्या पुरी मिळू शकते.

तेव्हा कुटुंबाने काय करावे?

ज्या घरात हा रोग होऊन गेला आहे, त्या घराने तो लपवू नये. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या जागी झाला, याची नोंद एका वहीत असावी आणि ती मुलांना मोठेपणी दाखवावी. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या म्हणीचा याहून सरळ उपयोग दुसरा नाही. अशा घरातील मुलांसाठी सुपारीचा एक तुकडाही चेष्टेचा विषय नसावा.

महिन्यातून एकदा प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आरशासमोर उभे राहून, चांगल्या उजेडात स्वतःचे तोंड पाहावे. दोन्ही गाल बाहेर ओढून आतली बाजू, जीभ वर उचलून तिच्याखालची जागा, कडा आणि टाळू पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलू लागलेला दात, तोंड उघडण्यास होणारा त्रास, मानेतील गाठ, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना होणारी अडचण किंवा एकाच कानात सतत राहणारी कळ, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. बोटे उभी धरून तीन बोटे तोंडात मावतात का, हे पाहणेही सोपे आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग केला. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. तेथे तपासणीसाठी कोणतेही महागडे यंत्र नव्हते. उजेड होता आणि पाहणारी नजर होती. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी अशी तपासणी आता शासकीय आरोग्य केंद्रांच्या कामाचा भाग आहे. पुढील उपचारांसाठी रायपूरचे प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था भिलाईपासून फार दूर नाहीत. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा शाळेच्या फाटकाबाहेरचे अंतर मोजू शकतो. घराच्या उंबरठ्याच्या आतले अंतर मोजण्याचे काम मात्र आई-वडिलांचेच.

या शाळेच्या पटावर आज तिसऱ्या पिढीची नावे आहेत. आजोबांचे नाव असलेल्या जुन्या हजेरीपुस्तकापासून नातीच्या नावापर्यंत साठ वर्षांचे अंतर आहे. या काळात आडनावे तीच राहिली, कित्येकांचे चेहरे आणि अक्षराचे वळणही तेच राहिले. तो वारसा अभिमानाचा आहे. त्या वारशासोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चंची, मिश्रीची डबी आणि गुडाखूची डबी कोठे थांबवायची, हे मात्र प्रत्येक घराने स्वतः ठरवायचे आहे. रक्त निवडता येत नाही. डबी ठेवून देता येते, आणि ती आज घरी गेल्यावरच ठेवून देता येते.